दोन चुलींचा कॉम्प्युटर

रिसोडला बाजार समितीच्या मागच्या गल्लीत शेतकऱ्यांच्या एका कंपनीचं ऑफिस आहे. तिथे भिंतीवर दोन घड्याळं आहेत, पाण्याचे दोन जार आहेत, दोन कपाटं आहेत आणि चेअरमनच्या खुर्चीइतकीच उंच अशी व्हाइस चेअरमनची खुर्ची आहे. नव्या माणसाला वाटतं, कंपनी जोरात चाललेली दिसते. जोरात चाललंय ते भांडण. चेअरमन दौलतराव आणि व्हाइस चेअरमन फुलचंद एकाच गावचे, दोघांच्या वावरांचा धुरा, म्हणजे बांधही एकच. काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोरणाखालून कोणाची जोडी आधी निघावी यावरून दोघांचं बिनसलं ते आजतागायत. मधल्या काळात दोघांनीही बैल विकून ट्रॅक्टर घेतले, पण मान कोणी विकला नाही. निम्मे सभासद याच्या बाजूचे, निम्मे त्याच्या, त्यामुळे एकट्याच्याने कंपनी निघेना आणि नाइलाजाने दोघं एका छपराखाली आले. उद्घाटनाला दोन नारळ फुटले, दारात दोन फिती बांधल्या. पाहुण्यांनी पहिली कापली, टाळ्या घेतल्या आणि चार पावलं पुढे जाताच दुसरीत त्यांचं पोट अडकलं.

अशा या ऑफिसात सुकेशनी सकाळी दहाला काळीपिवळी जीपमधून उतरून आली. वाशीमला होस्टेलवर राहून बीएस्सी झालेली, अंगाने काडी आणि जिभेने तिखट. कंपनीला आकड्यांचं काम बघणारं माणूस हवं होतं. अट अशी की आपलं काम ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर, दोघा साहेबांच्या देखत चालवून दाखवायचं, आणि दोघांच्या सह्या झाल्या तरच नेमणूक. याआधी तिघं येऊन गेले होते. तिघंही हुशार होते असं म्हणतात. तिघांनाही एकाची सही मिळाली आणि दुसऱ्याच्या वाटाण्याच्या अक्षता.

सुकेशनीला ही नोकरी नुसती हवी नव्हती, तिला ती पाहिजेच होती. तिची आई रामीबाई दरसाल दिवाळी सरली की मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायची आणि आपल्या भावाच्या जोडीने पाच महिने ऊस तोडून यायची. गेल्या खेपेला ती परत आली ती कमरेत वाकूनच. तिला ताठ व्हायला अक्षय तृतीया उजाडली. तेव्हाच सुकेशनीने तिला बजावलं होतं की मला काम लागलं तर यंदा तू ट्रकमध्ये पाय ठेवायचा नाहीस. रामीबाई हसली होती, कारण असली वचनं पोरं देतातच. ट्रक यायला आठ दिवस उरले होते.

ऑफिसचा शिपाई ग्यानबा साठीच्या घरातला माणूस. त्याने तिला कॉम्प्युटर दाखवला, भिंतीवरचा मोठा टीव्ही त्याला जोडून दिला आणि साहेब बारा वाजता येतील म्हणून सांगितलं. सुकेशनीने पेन ड्राइव्ह लावला आणि आपलं नोटबुक उघडलं.

नोटबुक म्हणजे कॉम्प्युटरातली वहीच. एक तुकडा लिहायचा, बटण दाबायचं, उत्तर त्याच्याच खाली उमटतं. वही मात्र स्वतः काडीचं काम करत नाही. तिच्यामागे पायथन नावाचा एक प्रोग्राम राबत असतो. आणि त्याला लागणारी तयार अवजारं, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, ती त्याच्या घरात असली तरच तो काम करतो, नाहीतर हात वर करतो. सुकेशनीच्या वहीत गेल्या पाच हंगामांची सोयाबीनची आवक होती. कोणत्या दिवशी किती ट्रॅक्टर येऊन उभे राहतील याचा अंदाज ती वही सांगायची, म्हणजे शेतकऱ्याला दोन-दोन दिवस रांगेत ट्रॉलीखाली झोपायला नको. त्यासाठी तिला दोन अवजारं लागायची. पांडाज आकड्यांचा तक्ता मांडायला आणि सायकिट अंदाज बांधायला.

तिने बटण दाबलं. भिंतीवर लालभडक ओळी उमटल्या. त्यांचा सारांश एवढाच की सायकिट नावाचं मॉड्यूल इथे नाही.

नसेल तर आणू, एवढं काय. तिने काळी खिडकी, म्हणजे कॉम्प्युटरला थेट हुकूम द्यायची जागा, उघडली आणि सायकिट बसवायला सांगितलं. उत्तर आलं, ते तर आधीपासूनच बसवलेलं आहे. ती वहीत परतली, बटण दाबलं. नाही म्हणे. काळी खिडकी म्हणते ‘आहे’, वही म्हणते ‘नाही’. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मनातल्या मनात त्याचा उद्धारही करून झाला. दोघीही आपापल्या बोलण्यावर ठाम होत्या. दहा चाळीस झाले होते.

तेवढ्यात तिची नजर वहीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली. मागे कोणता पायथन राबतोय त्याचं नाव तिथे असतं. जगभर तिथे पायथन असं साधंसुधं लिहिलेलं असतं. इथे लिहिलं होतं ‘दौलतराव काका’. तिने त्यावर बोट ठेवलं तर खाली आणखी एक नाव उलगडलं, ‘फुलचंद भाऊ’.

तिने ते निवडलं आणि बटण दाबलं. आता सायकिट सापडलं, पण पांडाज नाही म्हणून बोंब.

तिने ग्यानबाला विचारलं की हा काय प्रकार आहे. ग्यानबाला पायथन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण इतिहास पाठ होता. कॉम्प्युटर आला तेव्हा दौलतरावांचा पुतण्या ऋषिकेश येऊन काहीतरी बसवून गेला आणि त्यावर काकाचं नाव टाकून गेला. फुलचंदला खबर लागली. दुसऱ्याच दिवशी त्याचा भाचा विकास आला आणि त्याने आपल्या मामाच्या नावाचं वेगळं बसवलं. नावाची पाटी लागली तसा दोघांचाही उत्साह सरला, आणि अवजारं जेवढी आणून झाली होती तेवढ्यावरच काम थांबलं. ऋषिकेश पुण्याला गेला, विकासने जेसीबी घेतला.

सुकेशनीचा विश्वास बसेना. मशीन एकच, मग एकाचं सामान दुसऱ्याला का मिळू नये, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि टीव्हीची वायर फार ताणलेली होती म्हणून ग्यानबाकडे लांब वायर मागितली. ग्यानबा जागचा हलला नाही. लांब वायर फुलचंदच्या कपाटात होती आणि टीव्ही दौलतरावांच्या बाजूच्या बोर्डाला लावलेला होता.

“मंग काय झालं?” सुकेशनी म्हणाली. “काढा अन् लावा.”

“लागते, पन लागू देत नाईत, बाई,” ग्यानबा म्हणाला. “इथं चूल दोन हाय. याच्या फडताळातलं मीठ त्याच्या भाजीत पडत नाई.”

आणि सुकेशनीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काळी खिडकी खोटं बोलत नव्हती. ती फुलचंदच्या घरात उभी राहून सांगत होती की सायकिट आहे. वही दौलतरावांच्या घरात उभी राहून सांगत होती की नाही. दोघींचंही खरं होतं, फक्त घरं वेगळी होती. तिने खात्रीसाठी वहीलाच विचारलं की तू नेमकी कोणत्या पायथनवर चालतेस, आणि दोन्ही नावांखाली दोन वेगवेगळे पत्ते निघाले.

आता करायचं काय ते सोपं होतं. दौलतरावांच्या घरात सायकिट आणून टाकायचं, की झालं. किंवा फुलचंदच्या घरात पांडाज. पाच मिनिटांचं काम. पण सुकेशनी पुस्तकात शिकली असली तरी वस्तीवर वाढली होती. बारा वाजता भिंतभर टीव्हीवर वरच्या कोपऱ्यात ‘दौलतराव काका’ दिसलं, की फुलचंद सहीचा पेन खिशातच ठेवणार. ‘फुलचंद भाऊ’ दिसलं तर दौलतरावांना चष्मा घरी विसरल्याचं आठवणार. आधीच्या तिघांचं काय झालं ते तिला आता कळलं. त्यांचं काम चुकलं नव्हतं, घर चुकलं होतं.

मग तिने ठरवलं की तिसरी चूल मांडायची. नवी कोरी, वेगळी, जिथे या दोघांच्या कोणत्याच सामानाला हात लावायचा नाही. मोबाइलचं नेट जोडून तिने काळ्या खिडकीत नव्या घराचा पाया घातला आणि अवजारं मागवली. नेट मात्र रिसोडचं, आणि आज आठवडी बाजार, म्हणजे अख्खी गर्दी त्याच नेटवर. एक रेघ सरकायची आणि जागीच थबकायची. साडेअकरा झाले. राहिलेलं सामान बघता अजून तासभर तरी लागणार होता. तोंडाशी आलेला घास असा जाणार म्हणून तिला अक्षरशः रडू यायला लागलं.

ग्यानबाने तिच्याकडे पाहिलं. काय झालं ते विचारलं नाही, किती वेळ पायजे तेवढं विचारलं. तिने सांगितल्यावर तो बाहेर ओट्यावर गेला आणि त्याने दोन फोन केले.

यातली गंमत समजायला एक गोष्ट सांगितली पाहिजे. या दोन साहेबांपैकी कोणीही मीटिंगला आधी येत नाही. आधी येणाऱ्याला नंतरच्याची वाट पाहत बसावं लागतं, आणि वाट पाहणारा लहान ठरतो. म्हणून दोघंही बाजार समितीच्या फाटकासमोर येऊन थांबतात, दौलतराव डाव्या हाताच्या चहाच्या टपरीवर आणि फुलचंद उजव्या. दुसरा उठला की आपण उठायचं आणि दारात बरोबर सोबत पोचायचं, असा त्यांचा रिवाज.

ग्यानबाने पहिला फोन दौलतरावांना लावला आणि सांगितलं, “मालक, तिकडचे आजून निंगाले नाईत.” दुसरा फुलचंदला लावून तेच सांगितलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. मग काय, दोघंही खुर्चीला चिकटून बसले. समोरचा उठत नाही म्हणून यांनी दुसरा चहा मागवला, यांनी मागवला म्हणून त्यांनी तिसरा. मधल्या रस्त्यावरून बाजाराला जाणारी माणसं दोन्हीकडे रामराम करत होती आणि दोघंही एकमेकांच्या चपलांवर डोळा ठेवून होते. दर पंधरा मिनिटांनी ग्यानबा ओट्यावर जाऊन तोच निरोप पुन्हा द्यायचा आणि आत येऊन गंभीर चेहऱ्याने टेबल पुसायचा.

साडेबाराच्या सुमारास सामान येऊन पडलं. आता नव्या घराला नाव द्यायचं होतं, कारण नावाशिवाय वहीच्या यादीत ते दिसलं नसतं. सुकेशनीचे हात किबोर्डवर थांबले. कंपनीचं नाव द्यावं तर त्याच्यावरूनही दोघांत वाद होता. तिने क्षणभर विचार केला, गालातल्या गालात हसली आणि एक नाव टाइप केलं. काळ्या खिडकीत मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोनी डबे दिसले. वहीच्या यादीत मात्र ते नीट उमटलं. तिने ते निवडलं आणि ग्यानबाला मान हलवून खूण केली.

ग्यानबाने पुन्हा दोन फोन केले. “मालक, तिकडचे निंगाले वाटते.”

दोन टपऱ्यांवरून दोन साहेब एकाच क्षणी उठले. निम्मा चहा कपातच राहिला. चालता चालता चाल वाढली, आणि ऑफिसच्या दारात दोघं असे शेजारी शेजारी अडकले की ग्यानबाला दाराची दुसरी फळी उघडावी लागली.

दोघं आपापल्या खुर्चीत बसले आणि दोघांचीही नजर आधी टीव्हीच्या वरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे आपलं नाव नाही हे पाहून दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्याचंही नाही हे पाहून त्या मावळल्या. सुकेशनीने वेळ न घालवता बटण दाबलं. पांडाज मिळालं. सायकिट मिळालं. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि आवकेची एक्सेलची फाइल उघडायचा पुढचा तुकडा चालवला.

भिंतभर लाल ओळी आल्या. एक्सेल वाचायला आणखी एक बारीकसं अवजार लागतं. घाईघाईत ती नेमकं तेच विसरली होती.

दौलतरावांनी समोरच्याकडे पाहत म्हटलं की कोणीतरी मुद्दाम काडी घातली असणार. फुलचंदनेही तेच, त्याच शब्दांत म्हटलं. दोघांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तरतरी आली. सुकेशनीने आवाज ताठ ठेवला.

“कोनीच काडी नाई घातली. मी इसरली. माही चूक हाय,” ती म्हणाली. “दोन मिनिटं बसा.”

या वेळी ती काळ्या खिडकीकडे फिरकलीच नाही. तिने वहीतच हुकूम लिहिला, म्हणजे सामान ज्या चुलीवर भाजी शिजतेय तिथेच येऊन पडेल, भलत्याच्या फडताळात जाणार नाही. रेघ हळूहळू सरकू लागली. आपली चूक आपल्या तोंडाने कबूल करणारं माणूस त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे दोघंही थोडे गोंधळले. करायला काही नव्हतं म्हणून पुन्हा कोपऱ्याकडे पाहू लागले.

“हे रामीबाई कोन?” दौलतरावांनी विचारलं.

“माही माय.”

“कोनाकडची म्हनाची ते?” फुलचंदने डोळे बारीक केले. त्याला कट शिजल्याचा वास येत होता.

सुकेशनी वळली. तिला भीती वाटत होती, पण रागही आला होता, आणि रागाने भीतीला मागे सारलं.

“दोघायकडची,” ती म्हणाली. “आषाढात तुमच्या वावरात तन निंदते, दसऱ्याले काकाजीच्या वावरात सोयाबीन सोंगते. धा वर्सं झाली. कोनाचा धुरा कुठं सरते, हे तिनं आजून कोनाले इचारलं नाई.”

वस्तीवरून ऑटोत भरून बाया येतात, दिवसभर राबतात, संध्याकाळी जातात, एवढं दोघांना माहीत होतं. ऑटोत कोण असतं ते ठाऊक नव्हतं. दहा वर्षांत त्यांनी तिचं नाव आज पहिल्यांदा वाचलं, तेही टीव्हीवर. आता या नावाला नाही म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने, कारण नाही म्हणावं तर आपल्याच वावरातलं निंदण आपल्याला आठवणार. दौलतरावांनी चष्मा काढून पुसला. फुलचंद खोकला आला नसताना खोकला.

तेवढ्यात रेघ पुरी झाली. सुकेशनीने तुकडा पुन्हा चालवला आणि तक्ता उघडला, त्याखाली आलेख उमटला. गेल्या हंगामात कोणत्या दिवशी गर्दी तुंबणार होती ते वहीने सांगितलं, आणि तो दिवस दोघांच्याही चांगला लक्षात होता, कारण त्या दिवशी दोघांचेही ट्रॅक्टर रांगेत पुढेमागे उभे होते आणि दोघंही एकमेकांना शिव्या देत होते. मग तिने पुढच्या आठवड्याचा अंदाज दाखवला. मंगळवारी गर्दी, गुरुवारी मोकळं. दौलतरावांनी मुकाट्याने खिशातल्या डायरीत गुरुवार लिहून घेतला. फुलचंदने तो काय लिहितोय ते पाहिलं आणि आपणही गुरुवारच लिहिला. गुरुवारी तिथे पुन्हा काय होणार हे कोणतंही मॉड्यूल न लावता ग्यानबाला कळलं.

काम दोघांनाही पसंत पडलं. पण कागदावर वरची सही कोणाची आणि खालची कोणाची, यावर गाडी अडली ती चार दिवस अडली. शेवटी ग्यानबानेच तोड सुचवली. पाचव्या दिवशी तो वस्तीवर आला आणि त्याने दोन पाकिटं सुकेशनीच्या हातात ठेवली. दोन नेमणूकपत्रं होती, शब्दाला शब्द सारखी. एकावर दौलतरावांची सही, एकावर फुलचंदची. रामीबाईने दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले आणि यातला खरा कोणता ते विचारलं. सुकेशनी म्हणाली की दोन्ही खरे, पण एकटा कोणताच नाही.

कॉम्प्युटरात त्या दोघांची नावं अजून आहेत, ती पुसायच्या भानगडीत सुकेशनी पडली नाही. रोज सकाळी ती तिसरं निवडते आणि कामाला लागते. सभासद येतात, टीव्हीकडे पाहतात आणि विचारतात की आज रामीबाई काय म्हणते. दोघं साहेबही तसंच विचारायला लागले आहेत, अर्थात वेगवेगळे येऊन.

आठव्या दिवशी ट्रक वस्तीवर येऊन उभा राहिला. बोचकी चढत होती, कोंबड्या चढत होत्या, बाया एकमेकींना हात देऊन वर ओढत होत्या. मुकादम यादीतलं एकेक नाव पुकारत होता. रामीबाईचं नाव आलं तेव्हा ती आपल्या दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“माहं नाव काढून टाक,” ती म्हणाली. “ते रिसोडले कंपनीत कामाले लागलं.”

मुकादमाला काही उमगलं नाही. “अन् तू?”

“मी घरीच हाय,” रामीबाई म्हणाली.

मुकादमाने यादीवर काट मारली आणि पुढचं नाव पुकारलं.